तिसरी ओळ

आमच्या घरात कुणाला काही सांगायचं असेल तर माग थांबायची वाट पाहावी लागे. मोहाडीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात विणकरांची जी थोडी घरं उरली होती, त्यातलं एक आमचं. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबा, आणि त्यांच्यासमोर पिवळसर कोशाचा, म्हणजे टसर रेशमाच्या उभ्या धाग्यांचा, ताणा. धोटा इकडून तिकडे जाई, फणी दोनदा आपटे, पायाखालची पावडी कुरकुरे, की पुन्हा धोटा. त्या ठोक्यांच्या मधल्या फटीत आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारी, “भात टाकू का?” बाबा मान हलवत. पण मान हलवलेली आईला कुठून दिसणार? मग माझी स्वारी मधल्या दारात उभी राहून निरोप पोचवी. लाखोळीच्या डाळीचे वडे तळल्याचा वास आणि मागच्या आळीतून येणारा रेशीमकिड्यांचे कोसे उकळल्याचा वास, हे दोन्ही वास त्या खोलीत एकमेकांवर चढत. पहिल्यांदा घरी आलेला माणूस नाकाला रुमाल लावी. मला अजूनही कुठे उकळत्या कोशाचा वास आला, तर भूक लागते.

बाबा करवती काठाची साडी विणत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मधलं अंग कोशाचं, दोन्ही बाजूंचे काठ वेगळ्या रंगाचे, आणि काठ जिथे अंगाला भेटतो तिथे करवतीसारखे दात. एका धोट्यानं हे होत नाही. तीन धोटे लागतात: डाव्या काठाचा, मधल्या अंगाचा, उजव्या काठाचा. प्रत्येक फेरीला ते एकमेकांना गाठतात, धाग्यात धागा अडकवतात आणि मागे फिरतात. कोणती पावडी दाबायची आणि कोणता धोटा कितव्या धाग्यापर्यंत न्यायचा, हे बाबांच्या हातापायांना माहीत होतं. तोंडाला माहीत नव्हतं. मी विचारलं की ते म्हणत, “सांगता येत नाही गा. बस, पाहून घे.”

या साडीत चूक झाली तर ती कापून टाकता येत नाही. मागे जावं लागतं. शेवटी टाकलेला धागा आधी काढायचा, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. तीच पावडी दाबून ताण्याच्या धाग्यांमधलं तेच दार उघडायचं आणि तोच धोटा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत न्यायचा. एक जरी धागा रांग मोडून निघाला, तर गाठलेले धागे आवळतात. बाबा मागे जायला बसले की आमच्या घरात एक रीत होती. आई पुढचं दार लोटून घेई, चूल तशीच ठेवून मागाच्या दुसऱ्या अंगाला बसे आणि निघालेला धागा कांडीवर परत गुंडाळी. तेवढा वेळ कुणी एक शब्द बोलायचा नाही. दारावर पाहुणा आला तरी तो ओट्यावर बसून राही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की या घराचं दार दिवसा लोटलेलं असेल तर आत कुणीतरी मागे जाऊन राहिलं आहे.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होतो. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. लॅबमध्ये बारा यंत्रं, त्यातली नऊ चालू, आणि एका यंत्रावर तिघं. पहिले काही महिने मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. सी भाषेतले कंस आणि अर्धविराम मी पाठ करून लिही. मग एक दिवस सानगडीचे कापगते सर वर्गात आले. त्यांनी फळ्यावर वरून उघडी अशी एक उभी पेटी काढली आणि म्हणाले, “याला स्टॅक म्हणतात. वरून टाकायचं, वरूनच काढायचं. टाकणं म्हणजे पुश, काढणं म्हणजे पॉप. शेवटी जे टाकलं ते सगळ्यात आधी निघणार. मधल्याला हात लावायचा नाही.”

मी उभा राहिलो आणि विचारायच्या आतच बोललो, “सर, हे तर आमच्या घरी होते!”

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “याच्या घरी कम्प्युटर आहे बे!” सर हसले नाहीत. “काय होते तुझ्या घरी?” त्यांनी विचारलं. मी फळ्यापाशी जाऊन तीन धोटे काढले, पावड्या काढल्या, मागे जाणं सांगितलं. बोलताना मी इतका घाईला आलो होतो की खडू दोनदा मोडला. सर बाकाच्या कडेवर बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “लिहून दाखव. धोट्याची प्रत्येक फेक पुश कर. आणि मागे जायचं असलं की पॉप करून यादी छापून दे. जमलं तर मीच येईन तुझ्या बाबांचा माग पाहायला.”

आज मी नोकरी मागायला आलेल्या मुलांच्या मुलाखती घेतो. स्टॅक म्हणजे काय, हे मी हटकून विचारतो. दहातली नऊ मुलं लग्नाच्या पंगतीतल्या ताटांच्या चळतीचं उदाहरण देतात. मी मान डोलावतो. माझं उदाहरण मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. का नाही, ते आता येईलच.

सरांनी सांगितल्यानंतरच्या त्या पंधरा दिवसांइतका मी आयुष्यात कधी जागा नव्हतो. कॉलेजातून आलो की हात धुऊन, भाताचे चार घास पोटात ढकलून मागाशी बसायचो. मांडीवर शंभर पानी वही. बाबा एक फेक करत, मी दोन आकडे लिही: पावडीचा एक आणि धोट्याचा एक. डावा धोटा एक, मधला दोन, उजवा तीन. सुरुवातीला मी सारखं म्हणायचो, “थांबा बाबा, लिहून राहिलो.”

“मी विणू का तुझ्या वहीले सांगू?” ते म्हणत. पण थांबत. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तर स्वतःच बोलू लागले, “लिह्य. दुसरी पावडी, मधला. लिह्यलं?” ज्या गोष्टी तोंडाला माहीत नव्हत्या, त्या वहीमुळे तोंडात आल्या. आई म्हणाली, “इतक्या वर्सांत माझ्यासंग एवढे बोलले नाही.”

मी दोन स्टॅक करायचे ठरवले, एक पावड्यांचा आणि एक धोट्यांचा. आधी पावड्यांचा लिहिला. तो चालला तेव्हा निळ्या पडद्यावर आकडे उलटे उतरताना पाहून मी बाकावर मूठ आपटली. सरांनी तो ओळ न् ओळ तपासला आणि म्हणाले, “आता दुसराही असाच. घाई करू नको.”

त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी बाबांना चूक सापडली. उजेड तिरपा पडला की काठाचे दात उठून दिसतात, तेव्हा ते एकदा सगळं न्याहाळत. आठ बोटं मागे डावीकडचा एक दात आखूड पडला होता; तिथपासूनची प्रत्येक फेक माझ्या वहीत होती. साडी लग्नाची होती, नागपूरचे शेठ सोमवारी घ्यायला येणार होते, आणि पदराचं थोडं काम बाकी होतं. बाबा मागे जायला बसणार, आई दार लोटायला उठली, तेवढ्यात मी म्हणालो, “बाबा, उद्यापर्यंत थांबा. मी कागद आणतो. सगळी यादी छापून आणतो. तुमी फक्त वाचल्यासारखं करा.”

बाबांनी ताण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सोमवारी माणूस येऊन राहिला, बाबू.”

“उद्या दुपारी आणतो. तुमाले जिथे तीन घंटे लागतात तिथे एका घंट्यात होईन.”

ते हसले. मला ते हसू अजून दिसतं. “बरं,” म्हणाले.

शनिवारी आमचा माग बंद होता. आईनं नंतर सांगितलं, की समोरचे गोविंदकाका विचारायला आले, “आज ठोका नाही आयकू येत. तब्येत बरी नाही का?” बाबा ओट्यावर बसून म्हणाले, “तब्येतले काय होते! कम्प्युटरचा कागद येऊन राहिला भंडाऱ्यावरून.” काका म्हणाले, “कागद विणते का आता?” बाबा म्हणाले, “उसवते. विणाले आमी हावो ना.” सकाळभर जो कुणी ओट्यासमोरून गेला, त्याला त्यांनी हे सांगितलं.

इकडे मी लॅबमध्ये दुसरा स्टॅक लिहीत होतो. सर त्या दिवशी आले नव्हते. पहिल्या स्टॅकवरून उतरवून घेतला, पण पाहून नाही, आठवून. दोनशेवर ओळींचे आकडे वहीतून यंत्रात टाकले आणि छपाईचं बटण दाबलं. छापखान्यासारखा करकर आवाज करत भोकांच्या पट्ट्यांचा लांब कागद बाहेर आला. पहिल्या ओळीत पावडी बरोबर होती, आणि धोट्याच्या जागी शून्य.

शून्य नंबरचा धोटा आमच्या घरी नव्हता.

इथे मला थांबून नीट लिहायला हवं. मला ते शून्य दिसलं होतं. मला कुणी फसवलं नाही, यंत्रानंही नाही. यंत्रानं तर पहिल्याच ओळीत सांगितलं होतं की काहीतरी चुकलं आहे. पण एसटी सुटायला दहा मिनिटं होती, आणि शेवटची फेक डाव्या धोट्याची आहे हे मला ठाऊक होतं. मी खिशातलं पेन काढलं, शून्यावर काट मारली आणि बाजूला सुबक अक्षरात एक लिहिला. मग कागदाची घडी घातली आणि पळालो.

आईनं दार लोटलं. मी मागाशेजारी पाटावर बसलो, कागद मांडीवर. त्या घरात मागे जाताना पहिल्यांदाच कुणीतरी बोलणार होतं, आणि तो मी होतो.

“पहिली पावडी, डावा.” बाबांनी पावडी दाबून धाग्यांचं दार उघडलं, धोटा आला तसा परत नेला. आईनं धागा गुंडाळला.

“दुसरी पावडी, डावा.” निघाला. बाबांनी भुवया उंचावून आईकडे पाहिलं. आई हसली.

“पहिली पावडी, डावा.”

बाबांचा हात मधल्या धोट्यावर गेला होता. तो तिथेच थांबला. “डावा?” त्यांनी विचारलं. “माझा हात मधल्यावर जाऊन राहिला.”

मी कागदावर बोट ठेवून पाहिलं. छापलेलं होतं. स्वच्छ, काळं, सरळ रांगेत. “कागदात डावाच आहे, बाबा.”

बाबांनी हात उचलला आणि डाव्या धोट्यावर ठेवला. दोन-तीन ओळी कशाबशा निघाल्या. धागा अडून अडून येत होता. ते दर वेळी थोडं थांबत, आणि दर वेळी मी कागद वाचत होतो. सातव्या की आठव्या ओळीला डाव्या काठाशी गाठलेले धागे आवळले. बाबांनी हलकेच ओढलं, आणि ताण्याचे धागे तुटायला लागले. एक तुटला की शेजारचा ढिला पडतो आणि तोही जातो. कोशाचा धागा तुटताना फार बारीक आवाज होतो. एरवी मागाच्या ठोक्यात तो ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळे ऐकू आले.

बाबा तुटलेल्या टोकांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, “माझीच एखादी ओळ सुटली वाटते. मधी हात भुलला ना.” आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “तू ठेव कागद. तुझा कागद बरोबर असन.”

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण शून्य मी पाहिलं होतं.

सोमवारी लॅब उघडायच्या आधी मी दाराशी उभा होतो. पहिल्या स्टॅकचा पॉप आणि दुसऱ्या स्टॅकचा पॉप शेजारी शेजारी ठेवून वाचले, आणि पाच मिनिटांत चूक दिसली. पुढची फेक ज्या रिकाम्या खणात पडायची, त्या खणाचा नंबर यंत्र लक्षात ठेवतं. काढायचं असेल तर आधी एक पायरी खाली उतरायचं आणि मग उचलायचं. मी दुसऱ्या स्टॅकमध्ये आधी उचललं होतं आणि मग उतरलो होतो. म्हणून पहिल्यांदा रिकाम्या खणातलं शून्य हाताला लागलं, आणि पुढचा प्रत्येक धोटा एका ओळीनं मागे राहिला. दोन ओळींची अदलाबदल! मी ती केली, प्रोग्राम चालवला, आणि आकडे खळखळ उतरले: एक, एक, दोन, तीन, तीन, दोन. तिसऱ्या ओळीला दोन. मधला. मी ओरडलो. बाकावरून उठून ओरडलो. कापगते सर धावत आले, त्यांनी कागद वहीशी ताडून पाहिला आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे झुकलो. आम्ही कँटीनमध्ये तर्री घातलेले समोसे खाल्ले. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ मोठे प्रोग्राम लिहिले, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही. आणि हेच मला सांगायचं आहे: त्या अर्ध्या तासात मला बाबा आठवले नाहीत. तिसऱ्या ओळीला मधला आला, याचा मला फक्त आनंद झाला. ‘माझा हात मधल्यावर जाऊन राहिला’ हे बाबांचं वाक्य एसटीत बसल्यावर आठवलं.

घरी पोचलो तेव्हा शेठ ओट्यावर बसले होते. नवा कागद माझ्या पिशवीत होता. बाबा उभे होते आणि म्हणत होते, “माफी करा शेठ. हात भुलला. आता वय होऊन राहिलं.” बाबा तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते. शेठ म्हणाले, “होते, होते. पण लग्नाचं काम होतं ना हो.” मी त्यांच्या मधून आत गेलो. पिशवी खुंटीला अडकवली. आईनं ताट वाढलं, मी जेवलो.

ती साडी तिथेच कापली. त्यानंतर आमच्या मागावर करवती काठ निघाला नाही. बाबा एका धोट्याच्या साध्या कापडाची थानं विणू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, “तीन धोटे आता हाताले झेपत नाही.” माझा प्रोग्राम कॉलेजच्या प्रदर्शनात पहिला आला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी तीच गोष्ट सांगितली, वर्गात उभा राहून ओरडल्यापासून ते पाठीवरच्या थापेपर्यंत. मधला शनिवार सोडून. त्यांना ती फार आवडली. पुढे मी ती सांगणंच बंद केलं.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आई आता नाही. तिच्या पेटीत, करवती काठाच्या एका तुकड्यात गुंडाळलेली माझी शंभर पानी वही सापडली. तुकडा त्याच साडीचा होता. बाबा बाहेर ओट्यावर ऊन खात होते. मी लॅपटॉप काढला. प्रोग्राम पुन्हा लिहायला दहा मिनिटं लागली, आकडे टाकायला तासभर. मग गाडी काढून मोहाडीला झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि यादी छापून आणली. वाटेत दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा पहिल्या ओळीतला धोटा पाहिला.

बाबांना आत आणलं. खड्ड्यावर आता फळ्या टाकल्या आहेत, त्यावर त्यांची खाट असते. ते खाटेच्या कडेवर बसले.

“बाबा,” मी म्हणालो, “थ्या दिवशी हात तुमचा नव्हता भुलला. कागद चुकला होता. मी चुकवला होता.”

कोणत्या दिवशी, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “तुले कधी समजलं?”

“सोमवारीच. शेठ बसले होते तेवा माझ्या पिशवीत चांगला कागद होता.”

त्यांचा चेहरा बदलला. मी लहान होतो तेव्हाही त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. “इतकी वर्सं मी या हाताले शिव्या देल्ल्या,” ते म्हणाले. “रोज. भात खातानाही.” उजवा हात त्यांनी समोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला. “मले वाटे, आणखी एक डाव कागदावर चालून पाहू. पोरगा आणन दुसरा कागद. तुले म्हणाची लाज वाटली. म्हटलं, आपलाच हात भुलते, तर त्याचा कागद कायले खराब करा.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “थे राहू दे. दुरुस्त केला होता ना?”

“हाव.”

“कुठं आहे?”

मी खिशातून कागद काढला. “वाच,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “दार लोट आधी.”

मी पुढचं दार लोटलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो. ते खाटेवर ताठ झाले. गुडघ्यावरची शाल बाजूला केली. दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि हात समोरच्या रिकाम्या हवेत धरले.

“पहिली पावडी, डावा.” टाच खाली दाबली गेली, हात गेला आणि आला.

“दुसरी पावडी, डावा.” पुन्हा गेला.

मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांचा हात मधल्या धोट्याच्या जागी जाऊन थांबला होता.

“बोल,” ते म्हणाले. “काय म्हणते कागद?”